माझी चूक मला परत द्या

व्यंकटकाका,

तुम्ही माझी चूक स्वतःच्या नावावर करून घेतलीत आणि मला एका शब्दानं न सांगता निघून गेलात. आज चौदा दिवस झाले. पहिले चार दिवस मी रडले. पाचव्या दिवशी ही गोष्ट कळली आणि तेव्हापासून रडू येत नाही, नुसता संताप येतो. सोसायटीतले लोक म्हणतात, मुक्ता, तू लिहिणारी आहेस, काकांवर चार चांगले शब्द लिही. लिहीन. तुम्ही कुठे जन्मलात, किती वर्षं नोकरी केलीत, हे दुसरं कुणीही लिहील. मला तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्हाला उत्तर देता येणार नाही, पण तो दोष तुमचा, माझा नाही.

पाचव्या दिवशी तुमच्या घरी बाळू काळे आला. महाळुंग्याच्या कंपनीतला सुपरवायझर, ज्याचं नाव मी कामगार संघटनेच्या पत्रकात छापलं आणि गेटवर चिकटवलं, तोच. काकूंसमोर सतरंजीवर मांडी घालून बसला. मी आतून पाण्याचा तांब्या घेऊन आले आणि दारातच थांबले. हा इथे कशाला? गंमत बघायला?

"म्हातारं आलं व्हतं माझ्या घरी," तो काकूंना सांगत होता. "फाट्यावरनं चालत आलं, उनाचं. म्हनलं, काळेसाहेब, त्या कागदावर तुमचं नाव पडलं ती चूक माझी हाय. पोरीनं बरोबर लिवलं व्हतं, तपासताना माझ्याकडनं नाव बदललं. माफी द्या म्हनलं. आता येवढं वयाचं मानूस हात जोडतंय, मी काय बोलनार, आई?"

काकूंनी पदरानं डोळे टिपले. म्हणाल्या, "त्यायचं तसंच होतं बघा. सगळं आपल्यावर घ्यायचं."

त्यांना ते कौतुकाचं वाटलं. मला तांब्या भिंतीवर आपटावासा वाटला.

काका, हे धडधडीत खोटं आहे. तुम्ही आयुष्यात कधी कुणाचा शब्द बदलला नाही. माझ्या पत्रकात एक स्वल्पविराम घालायचा असला तरी तीन जिने चढून वर यायचात आणि विचारायचात. नाव मी लिहिलं होतं. झालं काय होतं हे तुम्हाला सांगायची गरज नाही. तरी पुन्हा सांगते, कारण तुम्ही ते बदलून गेलात.

मधुकरचं बोट प्रेसमध्ये गेलं. कंत्राटी कामगार, दोन मुलांचा बाप, उजव्या हाताचं पहिलं बोट. रक्त थांबेना तेव्हा सुपरवायझर त्याला म्हणाला, एवढा लॉट काढ, मग जा दवाखान्यात. हे सगळं खरं आहे. दवाखान्यात मी मधुकरला विचारलं, कोण म्हणालं असं? तो गुंगीत होता. "काळेसाहेब," एवढंच म्हणाला. त्या कंपनीत काळे दोन. एक दुसऱ्या शिफ्टचे, हळू बोलणारे, वाढदिवसाला सगळ्या लाइनवर पेढे वाटणारे. दुसरा बाळू काळे, तिथल्याच गावचा, तोंडानं फाटका, कामगारांना शिव्यांशिवाय हाक न मारणारा. कोणता काळे, हे मी विचारलंच नाही. मला बाळूच हवा होता. त्याचं नाव मी किती दिवस वहीत लिहून ठेवलं होतं! मग मथळा सुचला, "बोटकाप्या काळे", आणि तो सुचला तेव्हा मला आनंद झाला होता. खरा आनंद. हेही तुम्हाला ठाऊक होतं, कारण पत्रक तपासायला खाली घेऊन आले तेव्हा मी हसत होते.

तुम्ही ते तपासलंत. तुमच्या पद्धतीनं, शेवटच्या शब्दापासून पहिल्यापर्यंत, उलटं.

ही पद्धत मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा दहा वर्षांची होते. आमचं घर पत्रकांवर चालायचं. बाबा युनियनची पत्रकं गठ्ठ्यांनी आणायचे. माझ्या वह्यांना पत्रकांची कव्हरं, पाढे पाठकोऱ्या पत्रकांवर, भेळही पत्रकातच. एक दिवस तुम्ही जिन्यात सापडलेलं पत्रक घेऊन वर आलात. त्यावर लाल पेन्सिलीच्या खुणा होत्या. बाबांना म्हणालात, "साहेब, मागण्या बरोबर हायत. वेलांट्या चुकल्यात." बाबा आधी चिडले, मग हसले, आणि त्या दिवसापासून आमच्या घरातून बाहेर पडणारा प्रत्येक कागद तुमच्या डोळ्यांखालून जाऊ लागला.

तुम्ही टूलरूममध्ये, साचे बनवायच्या खात्यात, अक्षरं खोदायचात. प्लॅस्टिकच्या डब्यावर, बॅटरीच्या झाकणावर जे नाव उठून दिसतं, ते आधी पोलादाच्या साच्यात उलटं कोरावं लागतं. डोळ्याला भिंग लावून तुम्ही ते हातानं करायचात. पुढे मशिनं आली, तरी शेवटचा हात तुमचाच. निवृत्तीनंतर कंपनीनं तुम्हालाच पुन्हा बोलावून घेतलं, कंत्राटावर. त्यावर मी किती बोलले! तुम्ही म्हणालात, "माय, पोलादाला काय ठावं मी पर्मनंट हाय का कंत्राटी." असल्या वाक्यांनी माझं डोकं उठायचं. मालक अशाच वाक्यांवर जगतात, काका.

उलटं वाचलं की अर्थ मध्ये येत नाही, असं तुम्ही सांगायचात. "सुलटं वाचलं की डोकं पुढं पळतंय. चुकलेलं बी बरोबर दिसतंय. उलटं वाच, मग एक एक अक्षर नुसतं अक्षर राहतंय." मी ते शिकले. आणि "बोटकाप्या काळे" त्याच पद्धतीनं तुमच्या हाताखालून गेलं. काना, मात्रा, वेलांटी, सगळं चोख. माणूस तेवढा चुकीचा. तो उलट्या वाचनात दिसणार कसा?

आता तुमच्या देगेबद्दल. ते टाळून चालणार नाही, कारण भांडण तिथूनच पेटलं.

कुठल्या तरी चहाच्या सुट्टीत तुमच्या मोबाइलवर एक व्हिडिओ आला. तिबेटातला एक दूरचा, उंच पठारावरचा मुलूख. बर्फाच्या खिंडी ओलांडून गेलं की खोल दरी, दरीत देगे नावाचं गाव, उतारावर मठ, आणि गावात लाल भिंतींचा जुना छापखाना. आत लाकडी फळ्या, जमिनीपासून छतापर्यंत, पुस्तकांसारख्या उभ्या लावलेल्या. प्रत्येक फळीच्या दोन्ही अंगांना पोथीचं एकेक पान कोरलेलं. उलटं. तुम्ही मोबाइल घेऊन धापा टाकत वर आलात. "मुक्ता, बग, बग! हे आपलंच काम करायलेत!" तुमचा चेहरा असा झाला होता, जसा परगावी कुणी आपल्या गावचं भेटलं की होतो.

त्यानंतर चार वर्षं तुम्ही आम्हाला देगे सोडून दुसरं काही ऐकू दिलं नाही. दोघं समोरासमोर बसतात, एक जरा उंच, एक खाली. एकजण फळीला शाई लावतो, दुसरा कागद पसरून रूळ फिरवतो, कागद निघाला की पुन्हा शाई. दिवसभर दोघं असे डुलत राहतात. थंडीत शाई गोठते म्हणून छपाई बंद. ("आपल्याकडं पॉवर गेली की बसतेत, तसं.") फळीसाठी भूर्जाच्या जातीचं लाकूड, ते सुकवायचं, धुरी द्यायची, उकळायचं, तेव्हा कुठे ते वाकायचं-पिळवटायचं थांबतं. वाचणाऱ्याला वाटेल हा माणूस तिथे जाऊन आला. तुम्ही लोणावळ्याच्या पलीकडे गेला नव्हतात.

त्यावर मराठीत पुस्तिका काढायची हे तुमच्या डोक्यात बसलं. दोनशे पानी वहीत तुम्ही लिहीत सुटलात, आणि संपादन माझ्याकडे. पहिल्याच ओळीवर आपली जुंपली. तुम्ही लिहिलं होतं, "देगे तालुका". मी म्हटलं, काका, चीनच्या कारभारात ती काउंटी आहे.

"काउंटी म्हंजी काय की?"

"जिल्ह्याहून लहान."

"तहसीलदार बसतोय का तिथं?"

"तसलाच कुणीतरी बसत असेल."

"मग तालुका की! खेड तालुका, औसा तालुका, देगे तालुका. कशाला उगं अवघड करायलीस."

दोन महिने मी तो शब्द खोडत राहिले आणि तुम्ही परत लिहीत राहिलात. शेवटी मी थकले. आज मला वाटतं, तुमचं बरोबर होतं. तालुका म्हटल्यावर तिथे माणसं राहायला लागतात. दाखल्यासाठी खेपा घालणारी, रस्त्यावरून कुरकुरणारी. पण हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही, कारण तुम्ही फार खूश झाला असता.

पासपोर्टही काढलात तुम्ही. मला घेऊन वाकडला गेलात, सहली काढणाऱ्या कंपनीच्या त्या काचेच्या ऑफिसात, जिथे पंख्याऐवजी सुवास फवारणारं मशिन होतं. तिथल्या मुलीनं गोड हसून विचारलं, "सर, कैलास-मानसरोवर का?"

"न्हाई, देगे."

तिनं कॉम्प्युटरवर शोधलं. स्पेलिंग दोनदा विचारलं. मग म्हणाली, "सर, हे आमच्याकडे नाही. बाली आहे. सीनियर सिटिझनला डिस्काउंटसुद्धा आहे."

"तिथं छापखाना हाय का?" तुम्ही विचारलंत, अगदी मनापासून.

परत येताना रिक्षात मी हसून हसून बेजार, आणि तुम्ही गंभीर. म्हणालात, "परवानग्या लागतेत म्हणे तिथं. परक्याला असं सहज जाऊ देत न्हाईत." मी लगेच उसळले. मग तेही लिहा ना! परवानगी कोण देतं, कोण नाकारतं, मठात काय शिकवायचं हे आज कोण ठरवतं, यावर तुमच्या वहीत एक ओळ नाही. आणि जुन्या काळी तरी काय होतं? राजा, मठ, त्यांच्या जमिनी. ते लाकूड कुणी तोडलं, खिंडीतून पाठीवर कुणी आणलं, त्याला कुणी विचारलं होतं का?

"व्हिडिओत दिसत न्हाई ते," तुम्ही म्हणालात.

"व्हिडिओत ते कधीच दिसत नाही, काका! तेच तर सांगतेय."

मी इरेला पेटले आणि शोध शोध शोधलं. तेव्हा मला त्यांचा कागद सापडला. एका रानटी झुडपाच्या मुळापासून करतात. मूळ विषारी, म्हणून त्या कागदाला कीड लागत नाही. पोथ्या टिकतात. पण ते मूळ सोलणाऱ्यांच्या हातांना खाज सुटते, कातडी सुजते. मी ते छापून आणून तुमच्या पुढ्यात टाकलं. बघा, म्हटलं, तुमची पवित्र पोथी टिकते ती कुणाच्या हातांवर. तुम्ही भिंग काढून ठेवलंत. बराच वेळ स्वतःचे हात बघत बसलात. दुसऱ्या दिवशी वहीत त्या प्रकरणाची पहिली ओळ खोडून तुम्ही नवी लिहिली होती: "हा कागद करताना हात सुजतात, हे आधी सांगतो." मला तुमचं लिखाण कधी इतकं आवडलं नव्हतं. तेही मी बोलले नाही. बोलायचं राहिलंच म्हणायचं, तर त्याची यादी मोठी आहे. ती करत बसले तर हे भांडण बाजूला राहील, आणि तुम्हाला तेच हवं असेल.

तुम्ही मात्र उलटवार करायला चुकला नाहीत. तो छापखाना बौद्धांच्या एका पंथाचा, पण तिथे इतर पंथांच्या पोथ्याही कोरल्या जातात आणि छापल्या जातात, हे तुम्ही वाचलंत आणि मिश्कील डोळ्यांनी वर आलात. "काय वो पुढारी, तुमच्या संघटनेच्या मशिनीवर त्या दुसऱ्या संघटनेचं पत्रक छापून देताल का?"

"मेले तरी नाही."

"बगा. अन् तिथं लोक छापखान्याला प्रदक्षिणा घालतेत. आत देव न्हाई, फळ्या हायत. तुमच्या पत्रकात भजी बांधतेत."

मी उशी फेकून मारली होती तुम्हाला.

आणि मग एक दिवस, मधुकरचं पत्रक गेटवर लागून महिना झाला असेल, तुम्ही वही घेऊन आलात, पण बसला नाहीत. दारातच उभं राहून म्हणालात, "तो बाळू काळे त्या दिवशी सुट्टीवर होता. भाच्याच्या साखरपुड्याला. मी चार जणांना विचारलो."

मला ते दोन आठवड्यांपूर्वीच कळलं होतं. मधुकर शुद्धीवर आल्यावर त्यानंच सांगितलं, ताई, तो काळे नव्हे. मी त्याला म्हटलं होतं, बघू. तुम्हाला सांगितलं नव्हतं.

"मग चुकीचं छापलं असं छाप," तुम्ही म्हणालात.

मी तुम्हाला समजावलं. पत्रक म्हणजे पोथी नव्हे. मधुकरच्या भरपाईवर कंपनीशी बोलणी चालू आहेत, आत्ता आपणच चुकलो म्हटलं तर कंपनीचा माणूस हसून फाइल बंद करील, मधुकर घरी बसेल. आणि तो बाळू असा कोण साधू लागून गेला? रोज शिव्या घालतो. या वेळी नसेल, पुढच्या वेळी असेल.

तुम्ही वही उघडून एक पान दाखवलंत. कोरलेल्या फळीत चूक सापडली तर काय करतात, त्याचं चित्र तुम्ही स्वतः काढलं होतं. चुकलेलं अक्षर पटाशीनं पोखरून काढायचं, त्या भोकात नव्या लाकडाचा तुकडा ठोकून बसवायचा आणि त्यावर बरोबर अक्षर कोरायचं. फळी टाकायची नाही, चूकही ठेवायची नाही. "आपण बी वेल्डिंग मारून परत खोदतो की," तुम्ही म्हणालात. "बोट खरंच गेलंय, माय. त्याला खोट्या नावाची काय गरज? लोक त्याला बोटकाप्या म्हणून हाक मारायलेत. त्याच्या लेकीला शाळेत म्हणायलेत. आपण दोघं त्याच्या घरी जाऊ. मी बी येतो. मी तर ते वाचलो होतो. अक्षरं वाचलो, माणूस वाचलो न्हाई."

तेव्हा मी ते बोलले. मी ते इथे लिहिणार आहे, कारण तुम्ही ते कुणाला सांगितलं नसणार. मी म्हणाले, "तुम्ही जन्मभर मालकांची नावं उलटी कोरलीत, काका. तुम्हाला सरळ काही दिसणारच नाही."

तुम्ही वही मिटलीत. "बरं," म्हणालात. चपला घातल्यात. जिन्यात तुमचा गुडघा नेहमीसारखा वाजला. त्यानंतर तीन आठवडे तुम्ही वर आला नाहीत, मी खाली गेले नाही. पत्रकं निघाली, दोन, न तपासलेली. एकात "कामगार" शब्दच चुकला होता. मी मुद्दाम एक प्रत तुमच्या दाराच्या फटीत सरकवली होती, म्हटलं, हे बघून तरी चिडून वर येतील. तुम्ही आला नाहीत. तुम्ही महाळुंग्याला गेला होतात. आणि एका मंगळवारी सकाळी टूलरूमच्या बाकावर चहा पिताना बसल्या जागी संपलात.

काका, तुम्ही त्या माणसाच्या घरी जाऊन खोटं बोललात. ज्या माणसानं मला एका चुकीच्या नावाबद्दल दारात उभं राहून सुनावलं, त्यानं स्वतः एक चुकीचं नाव पुढे केलं. तुमचं! तुमच्या देगेच्या कुठल्या फळीवर असं चालतं? आणि मला काय शिकवलंत त्यातून? माझ्यासाठी कुणीतरी हात जोडून आलं, म्हणून मी सुटले? मी लहान आहे का? तुम्हाला वाटलं असेल पोरगी हट्टी आहे, हिच्यानं व्हायचं नाही, आपण उरकून टाकू. एवढाच विश्वास होता माझ्यावर? आणखी एक आठवडा थांबला असता तर मी गेले असते. कदाचित गेले असते. आता ते कळायची सोय तुम्ही ठेवली नाहीत, आणि सगळ्यात जास्त राग मला त्याचाच आहे.

परवा रविवारी मी महाळुंग्याला गेले. काळेचं घर कंपनीच्या शेडच्या मागे आहे, मूळ शेतातलं उरलेलं तेवढंच. तो अंगणात बाइकची चेन धूत होता. मी उभ्या उभ्याच सांगितलं. नाव मी लिहिलं. काकांनी काही बदललं नाही. तो मथळाही माझाच.

त्यानं मान वर केली नाही. "ठाव हाय," म्हणाला.

"म्हणजे?"

"त्या म्हाताऱ्याला खोटं बोलता येत व्हतं व्हय? समदं बोलून झाल्यावर घाम पुसत बसलं. दोनदा पानी मागितलं." मग चिंधी खाली ठेवली. "पन आलं ते. तुमी न्हाई आला."

मी म्हटलं, मी नवं पत्रक काढते. माझ्या नावानं. गेटवर लावते, जिथे ते लावलं होतं तिथेच.

"लावा. पन त्यो शबुद घालू नका त्यात," काळे म्हणाला. "'बोटकाप्या न्हाई' असं लिवलं तरी लोक पयला शबुदच वाचत्यात. पोरीला मग पुन्यांदा सुरू."

मी मान डोलावली. हे मला सुचलं नसतं. मी ठळक अक्षरात तोच शब्द घालणार होते.

संघटनेतले म्हणाले, आपलं नाव नको त्यावर, तुझं तू बघ. मी बघितलं. काल साडेतीनला, पहिली शिफ्ट सुटायच्या वेळी, मी एक कागद गेटच्या भिंतीवर चिकटवला आणि बाकीचा गठ्ठा घेऊन बाहेर उभी राहिले. मजकूर छोटा होता. मधुकरच्या अपघाताच्या दिवशी श्री. बाळू काळे कामावर नव्हते. त्यांचं नाव मी न विचारता छापलं. चूक लिहिणारीची आहे, तपासणाऱ्याची नाही. मधुकरच्या मागण्या आहेत तशाच आहेत. खाली माझी सही.

पोरं बाहेर पडली, कागद घेऊ लागली. कुणी वाचून घडी घातली, कुणी वाचता वाचता शेजाऱ्याला कोपर मारलं. एकजण म्हणाला, "ताई, हे काय राव, माघार?" मी म्हटलं, शेवटची ओळ वाच. मागून बाळू काळे आला. त्याला बघून घोळका जरा फाकला. तो भिंतीवरच्या कागदासमोर उभा राहिला आणि अगदी सावकाश, ओठ हलवत वाचायला लागला. बोलणी फिसकटतील का, हे लोक उद्यापासून माझं ऐकतील का, तो तिथेच चारचौघांत मला शिवी घालील का, मला काहीच माहीत नव्हतं.

तो वळला.

"आवं ताई, माझा ळ कुठं गेला?"

मी पाहिलं. बाळू काले. सगळ्या प्रतींवर, काले.

घोळक्यात कुणीतरी फसकन हसलं. "काळेसाहेब, ताईंनी तुम्हाला हिंदीवालं करून टाकलं की वो!" काळेनं त्याला एक सणसणीत शिवी हासडली, आणि मग सगळेच हसले. तोही. मला तोंड लपवावंसं वाटलं. मी पर्समधून पेन काढलं आणि भिंतीवरच्या कागदावरचा ल खोडून वर ळ लिहिला. मग हातातला गठ्ठा गुडघ्यावर घेऊन फुटपाथवर बसले आणि एकेक कागद दुरुस्त करू लागले. तुम्ही असता तर हे झालं नसतं, एवढंच डोक्यात होतं, आणि डोळ्यांपुढे अक्षर हलायला लागलं.

काळे शेजारी उकिडवा बसला. माझ्या मांडीवरचा अर्धा गठ्ठा उचलून त्यानं स्वतःकडे घेतला आणि एकेक कागद माझ्यापुढे सरकवू लागला.

"हितं बी ऱ्हायलं," तो म्हणाला. "नीट लिवा. घाई नको. जनरल शिफ्ट सुटायला अजून टाइम हाय."